कारंज्याचं दुसरं टोक

ठाण्यात ‘फाउंटन’ म्हटलं की आधी आठवतो तो फाउंटन हॉटेलचा नाका: घोडबंदर रोड अहमदाबाद हायवेला मिळतो ते टोक आणि तिथली कंटेनरची रांग. पण तोच ठाणेकर सीएसएमटीची गाडी पकडताना ‘जरा फाउंटनला जाऊन येतो’ म्हणाला, तर ते फ्लोरा फाउंटन. पाटीवर हुतात्मा चौक, तोंडात फाउंटन. जाणारा जातो कोर्टाच्या कामाला, बँकेत, नाहीतर फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला. कारंजं बघायला म्हणून तिकडे कोणी जात नाही. ते वाटेत लागतं, आणि उडत असलं तर मान वळते.

उडत असलं तर! दगड कोणी घडवला, पैसे कोणी दिले, हे सगळं लिहिलेलं सापडतं. पाणी कधी थांबलं आणि का थांबलं, ते सहसा कोणी लिहीत नाही. कारंजं म्हणजे शेवटी नळाचं एक टोक. त्याचा इतिहास सांगायचा तर नळाचा माग काढत दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवं, आणि फ्लोरा फाउंटनचं दुसरं टोक होतं ठाणे जिल्ह्यात.

आधी दगडाची गोष्ट उरकून घेऊ, ती प्रसिद्ध आहे. १८६२ साली बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि किल्ल्याची तटबंदी पाडायचं काम निघालं. तटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. त्या तेजीत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने एक कारंजं करवून घेतलं. ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे राणीच्या बागेत बसवायचं आणि त्याला फ्रिअर यांचं नाव द्यायचं, असा बेत होता. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडहून बोटीने आणलेला पोर्टलंड. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० एकट्या करसेटजी फर्दुनजी पारेख यांचे. कारंजं भायखळ्याला गेलंच नाही. पाडलेल्या चर्च गेटच्या जागी ते १८६४ साली उभं राहिलं, आणि गव्हर्नरसाहेबांना बाजूला सारून माथ्यावरच्या बाईचं नाव पडलं. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. (चर्चगेट स्टेशन या गेटाच्या नावाचं, पण गेट होतं ते इथे. स्टेशनातून बाहेर पडून इथवर चालत यावं लागतं.) १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बुडाले, भल्याभल्या पेढ्यांचं दिवाळं निघालं. वर्षभर उशीर झाला असता तर हे कारंजं बहुधा कागदावरच राहिलं असतं.

आता हेच १८६४ साल पाण्याच्या बाजूने बघा. त्याआधी चार वर्षांपर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती, आणि चैत्र-वैशाखात तलावांचा तळ दिसायचा. विहिरीचं पाणी कितीही गोड असो, कारंज्याला ते कामाचं नाही. विहिरीत पाणी पायाखाली असतं. कारंज्याला ते डोक्यावर लागतं. मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नव्हती. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं, आणि वाड्यातलं हजारी कारंजं आजही लोक बघायला जातात. त्या व्यवस्थेत इंजिन नव्हतं की पंप नव्हता. होता तो फक्त उतार.

मुंबईला तो उतार मिळाला १८६० मध्ये, विहारचं पाणी आलं तेव्हा. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरची योजना: साष्टीच्या डोंगरात मिठी नदी अडवायची आणि साठलेलं पाणी बिडाच्या नळातून आपल्या वजनानेच शहरात उतरू द्यायचं. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता; मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा निघाला १९२० साली. म्हणजे कारंजं मुंबईचं, दगड इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा, पैसा कापसाचा आणि पाणी ठाणे जिल्ह्याचं.

दाब किती असेल, त्याचा ढोबळ हिशोब घरबसल्या करता येतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रात सात तलावांचा तक्ता येतो, त्यात विहार भरून वाहण्याची पातळी ८०.१२ मीटर दिलेली असते. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नाही. पालिकेची मोजपट्टी टाउन हॉलवरून बांधलेली आहे, आणि तिचं शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या साधारण २४ मीटर खाली येतं. ते वजा केले की विहारचं पाणी समुद्रापासून सुमारे ५६ मीटरवर. फोर्टची जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. आजच्या पातळीने धरलं तर तलाव आणि कारंजं यांच्यात ५० मीटरचा फरक पडतो. पाण्याचा १० मीटर उभा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब, तेव्हा ५० मीटरचे ५ किलो. वीस-पंचवीस किलोमीटर नळातून घासत येताना आणि वाटेतल्या नळकोंडाळ्यांना देत देत यातला बराचसा जातो. तरी शेवटी २० मीटर उरले, तर सुमारे ३२ फूट उंचीच्या या रचनेच्या माथ्यावर चढून पाणी वर उसळी मारू शकतं. घोडागाड्यांच्या त्या मुंबईत हे दृश्य बघणाऱ्याला पाणी आल्याची पावतीच वाटली असणार. खारं पाणी तीन बाजूंना असलेल्या बंदरात गोडं पाणी हवेत उधळणं, याहून मोठी श्रीमंती कुठली?

ही श्रीमंती टिकणारी नव्हती. शहर वाढलं, विहार पुरेना. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी नळाचं दुसरं टोक आणखी आत, शहापूरच्या अंगाने सरकत गेलं. ठाण्यातून, भिवंडीतून जाणाऱ्या त्या जाडजूड पाइपलाइनी आपल्या इतक्या सवयीच्या की रस्त्यांनाही आपण ‘पाइपलाइन रोड’ म्हणतो. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. कारंज्याची तारीफ करताना हे विसरू नये, एवढंच.

पाणी वाढलं तरी दाब वाढला नाही. ते वाटून द्यायची वेळ आली आणि दिवसातले काही तासच सोडलं जाऊ लागलं. मेन लाइनला थेट जोडलेलं कारंजं अशा शहरात दोन प्रकारे मरतं. एक तर ठरलेल्या वेळेबाहेर नळात दाबच नसतो. दुसरं, दाब असतो तेव्हा ते उडवणं डोळ्यांत खुपतं. दहा मिलिमीटरच्या आठ तोट्या, प्रत्येकीची धार ३ मीटर उंच, असं मध्यम कारंजं धरा. एका तोटीतून मिनिटाला ३६ लिटर पाणी जातं, आठांतून २९०. दिवसाला दहा तास चालवून ते गटारात सोडलं तर पावणेदोन लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर या मापाने ते जवळपास तेराशे माणसांचं पाणी झालं. म्हणून सार्वजनिक कारंजी हळूहळू मेन लाइनवरून सुटली आणि पंपावर आली. तेच पाणी हौदातून वर, वरून हौदात. आज जे उडतं ते विहारच्या उताराने नाही, विजेच्या बिलाने उडतं.

पंपाचं नाव काढलं की पहिली चूक तिथेच होते. मोठा पंप म्हणजे मोठं कारंजं, असा समज आहे. वरच्याच आठ तोट्या घ्या, त्या जमिनीपासून ६ मीटरवर आहेत असं समजा. चढाई ६, धार ३, आणि पाइप, वळणं, गाळणी, तोटी यांतला तोटा ३. एकूण १२ मीटर. मिनिटाला २९० लिटर पाणी १२ मीटर चढवायला दोन एचपीचा पंप पुरतो. प्रत्यक्षात पाच एचपीचा बसतो, कारण टेंडरमध्ये तो भारदस्त दिसतो. मग धार फाटते, पाण्याचं तुषारात रूपांतर होतं, संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यावर ते रस्त्यावर उडतं, दुचाकीवाले शिव्या घालतात. तक्रार आली की वाल्व अर्धा बंद करून पंप चालवतात, आणि बिल भरत राहतात. कारंज्याचा एक जुना, साधा नियम आहे: धार जितकी उंच, निदान तितक्या अंतरावर हौदाचा काठ हवा. समुद्राकाठी दीडपट धरावं.

फ्लोरासारख्या, एकावर एक तबकं असलेल्या कारंज्यात खरी परीक्षा धारेची नसते, काठाची असते. तबक भरून काठावरून पाण्याचा पडदा सगळीकडून सारखा पडला तर ते कारंजं. एका बाजूने सांडलं आणि दुसरीकडे ठिबकलं तर ती गळकी टाकी. काठावरून पडणाऱ्या पाण्याचा थर ५ मिलिमीटरचा असेल तर काठाच्या दर मीटरमागे सेकंदाला साधारण ०.६५ लिटर पाणी लागतं. सहा मीटर घेराच्या तबकाला सेकंदाला चार लिटर. आता ते तबक एका बाजूला फक्त ३ मिलिमीटर कललं, तर एकीकडे थर साडेसहाचा आणि समोर साडेतीनचा होतो, आणि पडणाऱ्या पाण्यात अडीचपट फरक पडतो. दहा मिलिमीटर कललं की समोरची बाजू कोरडीच. तिथे शेवाळाऐवजी धूळ बसते, दगडावर उभे काळेपांढरे पट्टे उठतात, आणि लोक म्हणतात पाणी कमी आहे. पाणी पुरेसं असतं, बैठक बिघडलेली असते. पाया एका अंगाने खचलेला असतो, किंवा मागच्या दुरुस्तीत कोणीतरी तबकाखाली सिमेंटची चिपटी मारलेली असते. इथे फुटभर पाणसळ कामाची नाही. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यातले सगळे बुडबुडे काढायचे आणि काठावर निदान आठ ठिकाणी माप घ्यायचं. दोन मिलिमीटरच्या आतला फरक काठ हलकेच घासून निघतो. त्याहून जास्त असेल तर तबक उचलावं लागतं, आणि ते काम शिशाच्या पातळ पत्र्यावर पुन्हा बसवून करायचं, पाचरी ठोकून नाही.

हौदात पाणी किती ठेवायचं, हाही अनुभवाचा भाग. पंप बंद होताच काठावरचा थर आणि उभ्या पाइपातलं पाणी खाली येतं. हौद आधीच काठोकाठ असेल तर ते रस्त्यावर जातं. उलट हौद उथळ असेल तर पंप सुरू होताच पातळी उतरते, फुट वाल्ववर, म्हणजे पंपाचा पाइप पाणी ओढतो त्या तोंडाशी, भोवरा पडतो, पंप हवा ओढतो, धार खोकल्यासारखी तुटक येते. म्हणून पंप चालू असतानाची आणि बंद असतानाची, अशा दोन खुणा हौदाच्या भिंतीवर कायमच्या कोरून ठेवाव्यात. बॉल कॉक चालू पातळीला बांधला तर प्रत्येक रात्री पंप थांबल्यावर पाणी ओव्हरफ्लोने जातं आणि सकाळी तितकंच नवं भरलं जातं. महिनोन्‌महिने हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तोटीत अडकतं काय? पिंपळाची पानं, कबुतरांची पिसं, गुटख्याच्या पुड्या, आणि क्षार. तलावाचं पाणी तसं मऊ असतं. पण हौद भरायला बोअरवेलचा टँकर आला की कॅल्शियम येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, पुढच्या टँकरने आणखी येतात. तोटीच्या तोंडाशी पांढरी कडी धरते आणि सरळ धार तिरकी होते. पितळी तोटी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवली की साफ होते. पण तोच आम्लाचा प्रयोग दगडावर करायचा नाही, आणि ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमी आहे.

कारण पोर्टलंड हा चुनखडीचा दगड. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल याच दगडाचं आहे. बारीक दाण्याचा, मलईच्या रंगाचा, छिन्नीला हात देणारा, म्हणून त्यात फुलं, शंख, चेहरे कोरता येतात. आपल्या काळ्या दगडात, बेसाल्टमध्ये, ही नजाकत आणायची तर कारागिराचा जीव जातो. बेसाल्ट मात्र ॲसिडला दाद देत नाही, चुनखडी फेसाळून विरघळते. स्टेशनरोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं फरशी साफ करायचं ॲसिड एकदा फिरवलं की दगड पांढराशुभ्र दिसतो खरा. पण जे निघून जातं ते मळाबरोबर कारागिराच्या छिन्नीची खूण.

मुंबईत या दगडाला आणखी दोन वैरी आहेत. एक समुद्राचं मीठ. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ ओल्या दगडात शिरतं, उन्हात दगड सुकला की आतल्या छिद्रांत त्याचे स्फटिक होतात, फुगतात आणि पृष्ठभाग पिठासारखा सुटू लागतो. कारंजं तर रोज ओलं होतं आणि रोज सुकतं. दुसरा वैरी ऑइलपेंट. पाहुणे येणार, जयंती आली, की चुना नाहीतर रंग फासायची आपली जुनी खोड. फ्लोरावरही रंगाचे थरावर थर चढले होते. रंगाने दगड बाहेरून बंद होतो, पण पाणी सांध्यांतून आत शिरतच राहतं. आत शिरलेलं बाहेर पडू शकत नाही. रंगाखाली मीठ साचतं आणि एक दिवस रंगाचा पोपडा दगडाची साल घेऊन पडतो.

रंग काढायचा तर धीर लागतो. आधी हाताच्या पंजाएवढ्या जागेवर, मागच्या बाजूला, चाचणी घ्यायची. कागदाच्या लगद्यात किंवा पांढऱ्या मातीत रंग सोडवणारं द्रव्य कालवून अर्धा इंच जाड लेप द्यायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, बारा ते चोवीस तास ठेवायचा. मग लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचा. तारेचा ब्रश नको, वाळूचा मारा नको. कोरीव भागात दातांच्या डॉक्टरची हत्यारं चालतात. सहा थर असतील तर सहा वेळा. शेवटी मीठ ओढून घेण्यासाठी नुसत्या शुद्ध पाण्यात भिजवलेल्या लगद्याचा लेप. तो पूर्ण सुकू द्यायचा, कारण सुकतानाच तो मीठ खेचतो. काढलेला लेप पाण्यात ढवळून क्षार तपासायचे आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत लेप बदलत राहायचं. घाईचा ठेकेदार हा टप्पा वगळतो, कारण फोटोत तो दिसत नाही.

मग सांधे. जुन्या दगडांच्या आत लोखंडी कड्या असतात. ओल लागली की लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. दगड आतून फुटतो, आणि बाहेरून भेग भरणारा भेगेलाच दोष देत बसतो. कडी काढून तिथे स्टेनलेस स्टील बसवावं लागतं. तेही समुद्राकाठी ३१६ दर्जाचं, साधं ३०४ इथे डागाळतं. दरजा भरायच्या त्या चुन्याने. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पाण्याखालच्या सांध्यांत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं. ऊनपावसाने दगड हलला की सिमेंट तसूभर हटत नाही आणि दगडाची कड तुटते. चुना स्वतः फुटतो, दगड वाचवतो. पुन्हा भरता येतो. घट्ट व्हायला मात्र त्याला आठवडे लागतात आणि तोवर ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो, म्हणून हे काम भर पावसात काढायचं नाही आणि मेच्या उन्हातही नाही. मूर्तीची तुटलेली बोटं, नाकं जोडायची की नाही, यावर जाणकारांत भांडणं होतात. जिथून पाणी वाहतं तिथला तुकडा नव्या दगडाचा बसवावाच लागतो. नुसत्या शोभेचं बोट नसलं तरी चालतं, असं माझं मत.

फ्लोरा फाउंटनची मोठी दुरुस्ती संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. भोवतालची फरसबंदी करताना, २०१७ मध्ये, रस्त्याखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली होती. रूळ उखडायचे कष्ट न घेता वर डांबर ओतलं गेलं होतं. आळसानेही कधीकधी जतन होतं.

या चौकाला मात्र पाण्यापेक्षा मोठं कारण आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. १०६ हुतात्म्यांचं स्मरण करणारं स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, फ्लोराच्या शेजारीच उभं आहे. एक गोऱ्या दगडाची देवी आणि एक आपलं. दोघं एकमेकांना टोचत नाहीत, हे या चौकाचं मोठेपण. नावाचं म्हणाल तर १९६० पासून चौक हुतात्म्यांचा आहे. कंडक्टर अजून फाउंटनच ओरडतो आणि त्यात अनादर नसतो.

शोभेच्या कारंज्यांपलीकडे मुंबईत दुसरी एक परंपरा होती, प्याऊंची, म्हणजे रस्त्यावरच्या पाणपोयांची. फोर्टमध्येच १८९४ सालचं मुळजी जेठा कारंजं आहे. रतनशी मुळजी यांनी धरमसी या मुलाच्या स्मरणार्थ बांधलेलं, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. बंदरात हमाल, बैल, घोडे उन्हात राबायचे, त्यांच्यासाठी पाणी. मला विचाराल तर शहराला दहा प्याऊ हवेत आणि मग एक फ्लोरा.

ठाणं हेही जुनं बंदरच, मुंबईहून कितीतरी जुनं. शिलाहारांचं श्रीस्थानक. पण ठाण्याने पाणी कधी उडवलं नाही, साठवलं. खाडीचं खारं पाणी एका बाजूला आणि गावात जागोजागी तलाव: मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, उपवन. कोपिनेश्वराच्या देवळातून निघून तलावपाळीवर फिरणाऱ्या माणसाला पाणी डोक्यावर नव्हे, पायरीखाली भेटतं. आता तलावांतही कारंजी बसवतात, तरंगणारी. प्लास्टिकच्या तराफ्याखाली पंप, वर तोटी, चहूबाजूंना दोरखंड, खाली रंगीत दिवे. या कारंज्याचं खरं काम शोभा नाही, पाण्यात हवा मिसळणं हे आहे. आणि नेमकं त्याचं वेळापत्रक आपण उलटं लावतो. संध्याकाळी सात ते नऊ, भेळ खाणाऱ्यांची गर्दी असताना, कारंजं जोरात. पण तेव्हा दिवसभराच्या उन्हात शेवाळाने सोडलेला प्राणवायू पाण्यात पुरेसा असतो. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू ओढतं, आणि पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान तो सगळ्यांत कमी होतो. ढगाळ दिवसांनंतरच्या पहाटे मासे तोंड वर काढतात आणि सकाळी काठाला मेलेले दिसतात. कारंजं हवं ते त्या वेळी, दिवे विझवून. निर्माल्य आणि जलपर्णी पंपाच्या जाळीत अडकते. दर दोन दिवसांनी जाळी वर ओढून साफ केली नाही तर मोटार जळते. पाण्यातल्या दिव्यांना १२ व्होल्टच हवेत आणि लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. यात तडजोड नाही.

दगडी हौदाची निगा वेगळी. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. वाहत्या पाण्यात डास होत नाहीत. बंद पडलेलं कारंजं हे डेंग्यूचं माहेरघर. कोरड्या दिवशी आधी पंप बंद, मेन स्विच खाली, मग गाळण्या काढायच्या, हौद उपसायचा, नारळाच्या काथ्याने तळ घासायचा, सांध्यांत पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट उपटायचं. नुसतं खुडलं तर मूळ जाड होतं. हौद भरला की २०,००० लिटरला ३३ टक्क्यांची ६० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत विरघळवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी तेवढं ओतायचं. पावडर थेट दगडावर पडली तर डाग उरतो. हौदात गप्पी मासे सोडले असतील तर पावडर नाही.

आणि हौद गळतो का, ते त्याच दिवशी पाहून घ्यायचं. दहा मीटर व्यासाच्या हौदातून मे महिन्यात नुसत्या उन्हाने रोज साडेचारशे-पाचशे लिटर पाणी उडतं, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे गळतीच, असं नाही. पंप बंद ठेवून बॉल कॉक बांधून टाकायचा. हौदातल्या पायरीवर एक बादली ठेवायची, तिच्यात हौदाच्या पातळीइतकंच पाणी भरायचं, आणि बादलीच्या आत व हौदाच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. चोवीस तासांनी दोन्हीकडे किती उतरलं ते मोजायचं. बादलीत सहा मिलिमीटर आणि हौदातही सहा, तर ते ऊन. बादलीत सहा आणि हौदात वीस, तर चौदा मिलिमीटर, म्हणजे अकराशे लिटर, खाली कुठेतरी जातंय. मग पातळी आपोआप उतरू द्यायची. जिथे ती थांबते, त्याच रेषेवर उघडी दरज सापडते.